एकट्या माणसाच्या नावेची कुळकथा

श्रीपूर हे उसाचं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तिचा कारखाना इथे आला आणि माळशिरस तालुक्यातल्या या कोपऱ्याला साखरेची ओळख मिळाली. पण हा टापू पाण्याचाही आहे. नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, तिथून भीमा पंढरपूरकडे वळते, आणि वरच्या अंगाला उजनी धरणाचं अफाट पाणी पसरलेलं आहे. अलीकडे इथली तरुण मुलं कायक घेऊन गळ टाकायला जावं का, असं विचारू लागली आहेत. जरूर जावं. मात्र ही नाव कुठून आली आणि आपल्या पाण्यावर तिची भावंडं कोणती, हे आधी माहीत असावं. ते कळलं की नाव निवडणंही सोपं होतं आणि पाण्याशी वागणंही.

कायकचं मूळ आर्क्टिकच्या बर्फाळ किनाऱ्यावर. ग्रीनलंडमध्ये सुमारे 4 हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांत तिच्या सांगाड्याचे आणि वल्ह्यांचे तुकडे सापडले आहेत. तिकडे झाडं नाहीत, म्हणून समुद्रातून वाहत आलेली लाकडं वेचून सांगाडा बांधायचा आणि त्यावर सीलचं कातडं शिवायचं. कातडं शिवण्याचं काम बायकांचं. त्या टाक्यातून पाणी झिरपलं तर घरचा माणूस परत येणार नाही, इतकं ते जोखमीचं. नाव बेतायची ती वापरणाऱ्याच्या अंगाच्या मापाने. बसायच्या भोकाभोवती अंगातला कातडी सदरा आवळून बांधला की माणूस आणि नाव एकजीव होत. उलटली तरी आत पाणी शिरत नसे आणि वल्ह्याच्या एका फटक्यात शिकारी पुन्हा सरळ होई. नाव निमुळती आणि अरुंद, कारण सीलचा पाठलाग करायचा, तोही आवाज न करता.

आपल्याकडच्या नद्यांनी वेगळी वाट धरली. 1520 च्या सुमारास विजयनगरला आलेल्या डोमिंगो पायस या पोर्तुगिजाने तुंगभद्रेवरच्या टोपलीसारख्या गोल नावांचं वर्णन केलं आहे: आतून वेताची वीण, बाहेरून कातडं. तेच हरिगोल. म्हणजे सांगाड्यावर कातडं ताणण्याची युक्ती दोन्हीकडे होती, आकार मात्र अगदी उलट. इकडे कोणाचा पाठलाग करायचा नव्हता. माणसं, धान्य, जनावरं पैलतीरी न्यायची होती, त्यामुळे गोल आकारच सोयीचा.

ऊसपट्ट्यात या गोल नावेला आणखी एक भावंड होतं. गुऱ्हाळावर रस आटवायची काहील पूर आला की पाण्यात उतरे. कडेला धरून पोहणारे दोघे-तिघे आणि आत बसलेली म्हातारी-कोतारी, अशा काहिली दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी नद्यांनी पाहिल्या आहेत. तिला नाळ नाही की सुकाणू नाही. वल्हं मारलं की ती जागच्या जागी फिरते. पण तिने माणसं तारली.

आणि एकट्याने पाण्यात उतरायचं तर? त्यासाठी वाळलेले भोपळे होते, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा होता. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीवर ते बांधत. भोपळ्यांची सांगड करून तिच्यावर छाती टेकून लोक नदी पार करत. मोटारी आल्या तशी भोपळ्याची जागा ट्रकच्या ट्यूबने घेतली.

या ट्यूबपाशी थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते आपल्या धरणांवरची खरी कायक तीच. मासेमार हवा भरलेल्या ट्यूबच्या मधल्या भोकावर सुतळीची नाहीतर नायलॉनच्या दोरीची वीण घालतो, बाजेला घालतात तशी. तिच्यावर मांडी घालून बसतो. दोन्ही हातांत लाकडाची छोटी फळकुटं, तीच वल्ही. मांडीवर तंगुसाच्या जाळ्याची रास. एका हाताने पाणी मागे ढकलत दुसऱ्या हाताने तो जाळं सोडत जातो. जाळ्याच्या वरच्या दोरीला जुन्या चपलेचे किंवा थर्माकोलचे तुकडे, खालच्या दोरीला वजन. संध्याकाळी जाळं सोडायचं, पहाटे काढायचं. काम झालं की ट्यूब खांद्यावर टाकून घरी. कोणी ट्यूबऐवजी थर्माकोलचे ठोकळे प्लास्टिकच्या कापडात गुंडाळून तराफा करतात. तो स्वस्त पडतो. पण थर्माकोल झिजून त्याचे दाणे पाण्यात मिसळतात आणि तराफा एकाएकी दगा देतो. एकट्या माणसाचं वजन पेलणारी, पाण्याच्या अगदी जवळ बसवणारी, एकट्याला उचलता येणारी नाव भोई समाजाच्या मासेमारांनी मिळेल त्या साहित्यातून उभी केली. तिच्यासाठी कोणी पेटंट घेतलं नाही, तिची जाहिरात झाली नाही. म्हणून तिचा मान कमी होत नाही.

तिकडे युरोपात कायकचं शिकारीपण सुटत गेलं. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने 1865 मध्ये ‘रॉब रॉय’ नावाच्या लाकडी नावेतून युरोपच्या नद्या पालथ्या घातल्या. पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं आणि एकट्याने वल्हवत हिंडणं हा छंद झाला. 1907 च्या सुमारास जर्मनीत योहान क्लेपर घडीची कायक विकू लागला. लाकडी काठ्या आणि रबरी कापड पिशवीत भरून आगगाडीने न्यायचं, नदीकाठी जोडायचं. अशाच घडीच्या नावेतून ऑस्कर स्पेक हा जर्मन 1932 मध्ये डॅन्यूबकाठच्या उल्महून निघाला आणि हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याने पुढे सरकत 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कायक शर्यतीतही उतरली.

मासेमारीकडे ती वळली ती प्लास्टिकमुळे. 1970 च्या दशकात पॉलिथिलीनची पूड साच्यात घालून, साचा तापवत आणि फिरवत पोकळ कायक घडवणं सुरू झालं. आपल्या गच्चीवरची काळी सिंटेक्स टाकी याच पद्धतीने बनते, आणि तीही त्याच दशकातली, 1975 ची. टाकी आणि कायक एकाच भट्टीच्या लेकी. त्याच दशकाच्या सुरुवातीला, 1971 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या टिम नीमियरने आणखी मोठा बदल केला. पाण्यात डुबकी मारायला सामान नेता यावं म्हणून त्याने नावेत बसण्याऐवजी नावेवर बसायची सोय केली. वरचा भाग बंद, बैठक पाण्याच्या पातळीच्या वर, आणि बैठकीत आलेलं पाणी निघून जायला आरपार भोकं. पाण्यात पडलात तर पुन्हा चढून बसता येतं. नाव बुडत नाही, कारण तिच्या पोटात पाणी शिरत नाही.

मासे पकडणाऱ्यांनी हीच नाव उचलली आणि रुंद केली. समुद्रावर लांब पल्ला गाठणारी कायक 55-60 सेंटिमीटर रुंद असते, तर मासेमारीची 75-85. शिकारीची नाव निमुळती, कारण ती पाठलाग करते. गळवाल्याला माशाची वाट पाहायची असते, त्याला वेगापेक्षा स्थैर्य हवं. म्हणूनच आर्क्टिकहून निघालेली ही नाव फिरत फिरत आपल्या ट्यूबच्या आणि काहिलीच्या जवळ आली, असं मला मनापासून वाटतं.

आता उतरणाऱ्यासाठी. पहिली नाव वर बसायची, रुंद, साधारण 3 मीटरची घ्या. पवना, मुळशीच्या बाजूला भाड्याची कायक घेऊन आधी वल्हं मारायला शिका. गळ नंतर. काठाजवळ मुद्दाम उलटून पुन्हा चढायचा सराव झाल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नका. मासे आपल्याकडे भरपूर आहेत. 1952 मध्ये देशात आणलेली चिलापी उजनीत इतकी माजली की भिगवणचा बाजार तिच्यावर चालतो. तिला गांडूळ किंवा कणकेची गोळी पुरते. झुडपांच्या कडेला मरळ, खोल पाण्यात कटला आणि रोहू, तळाला शिंगटा आणि वाम. शिंगट्याला हात लावताना त्याच्या काट्याला जपा.

उजनी 1980 मध्ये पुरी झाली. तिच्या सुमारे 117 टीएमसी साठ्यातला 63 टीएमसी मृतसाठा आहे, म्हणून कडक उन्हाळ्यातही मासेमारी थांबत नाही. पाण्याखाली मात्र जुनी गावं आहेत. दुष्काळात पळसदेवचं देऊळ वर येतं, एरवी भिंती आणि खोडं दिसत नाहीत, गळ तिथेच अडकतो. नदीवर धोका वेगळा. सोलापूरच्या पिण्यासाठी किंवा पंढरीच्या वारीसाठी उजनीतून पाणी सुटतं, पावसाळ्यात वीर धरणाचं पाणी नीरेतून येतं, आणि शांत दिसणारी भीमा काही तासांत बदलते. पाणी सुटणार असल्याची बातमी वाचूनच निघा. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या वर-खाली कायक नेऊ नका. पडणाऱ्या पाण्याच्या भोवऱ्यातून पट्टीचा पोहणाराही निघत नाही.

वाऱ्याला मात्र सगळ्यांत जास्त भ्या. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण गेले. वळवाच्या दिवसांत सकाळी लवकर उतरा आणि ऊन चढायच्या आत काठाला या.

तलावाचा मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडे आहे तिला विचारूनच गळ टाका. सोडलेल्या जाळ्यावरून वल्हं नेऊ नका, ते कोणाचं तरी पोट आहे. आणि लाइफ जॅकेट नावेत ठेवू नका, अंगात घाला, पट्टे आवळून, काठावर असतानाच.