क्षितिजसमांतर प्रक्षेप्याचा आघातवेग
क्षितिजाला समांतर फेकलेली वस्तू जमिनीवर आदळते त्या क्षणीचा तिचा वेग. हवेचा रोध दुर्लक्षिल्यास अशा वस्तूचा क्षैतिज वेग अखेरपर्यंत कायम राहतो. उदग्र वेग मात्र शून्यापासून सुरू होऊन गुरुत्वाकर्षणामुळे सारखा वाढत जातो. हे दोन वेग परस्परांशी काटकोनात असल्यामुळे त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे आघातवेग होय. उदा., २० मी. उंचीवरून दर सेकंदास १५ मी. वेगाने आडवा फेकलेला दगड जमिनीशी पोहोचताना त्याचा उदग्र वेग सु. १९.८ मी./से. व आघातवेग सु. २४.८ मी./से. असतो. हे गणित शाळेत दोन-चार ओळींत सुटते. परंतु दोन गती एकाच वस्तूत परस्परांना बाधा न आणता नांदू शकतात, हे त्यातील गृहीत मान्य होण्यास शतके लागली.

ॲरिस्टॉटल यांच्या परंपरेत नैसर्गिक गती आणि बलात् दिलेली गती या भिन्न जातीच्या मानल्या जात. निकोलो तार्ताल्या यांनी १५३७ मध्ये तोफगोळ्याचा मार्ग सरळ रेषा, वर्तुळकंस व शेवटी उदग्र रेषा अशा तीन तुकड्यांत दाखविला. १५४६ मध्ये त्यांनीच या मार्गाचा कोणताही भाग पूर्णपणे सरळ नसतो असे प्रतिपादिले. पण त्याला निश्चित वक्राचे रूप ते देऊ शकले नाहीत.

ते रूप गॅलिलीओ (१५६४–१६४२) यांना पाडुआ येथे असताना गवसले. फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील त्यांच्या हस्तलिखितांत सु. १६०८ मधील एक पान आहे. उतरणीवरून सोडलेली गोळी मेजाच्या कडेवरून आडवी सुटून जमिनीवर पडे, अशी मांडणी त्यावरील आकृतीवरून दिसते. मेजाची उंची ८२८ ‘पुंती’ होती (एक पुंतो म्हणजे एक मिलिमीटरहून किंचित कमी). ३०० पुंती उंचीवरून सोडलेली गोळी ८०० पुंती दूर पडली. हे अंतर आधार धरून, आडवा वेग उतरणीच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो या नियमाने, ६०० पुंतींसाठी ११३१ आणि १००० पुंतींसाठी १४६० ही अंतरे त्यांनी काढली. प्रत्यक्षात ती ११७२ व १५०० आली. गॅलिलीओंचे प्रयोग बहुतांशी मनातच झाले, असे आलेक्सांद्र क्वारे यांच्यासारखे इतिहासकार मानीत. स्टिलमन ड्रेक यांनी १९७३ मध्ये हे पान प्रसिद्ध केल्यावर ते मत टिकणे अवघड झाले.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. घर्षणाविना घसरणारी वस्तू ३०० पुंतींवरून आल्यास सु. ९९७ पुंती दूर पडावयास हवी. गोळी मात्र गडगडत येते. तिच्या ऊर्जेचा सु. २/७ भाग परिवलनात जातो व अंतर सु. ८४२ पर्यंत खाली येते. परिवलनाचा हा हिशेब गॅलिलीओंच्या काळी कोणालाच ठाऊक नव्हता. त्यांनी निरपेक्ष वेगाऐवजी गुणोत्तरे घेतल्यामुळे ही अडचण आपोआप टळली.

अन्वस्ताकार मार्गाची सिद्धता गॅलिलीओंनी दोन नव्या शास्त्रांवरील आपल्या ग्रंथात (लायडन, १६३८) चौथ्या दिवसाच्या संवादात दिली. तत्पूर्वी १६३२ मध्ये त्यांचे शिष्य काव्हाल्येरी यांनी हा निष्कर्ष छापल्याने गॅलिलीओ व्यथित झाले होते. आघातवेगाचा नियमही याच संवादात आहे. क्षैतिज वेग मोजण्यास घड्याळ पुरेसे नव्हते, म्हणून तेवढा वेग मिळण्यास वस्तू जितक्या उंचीवरून पडावी लागेल ती उंची त्यांनी वेगाचे माप म्हणून घेतली. ही उंची व प्रत्यक्ष पतनाची उंची यांच्या बेरजेइतके सरळ खाली पडताना जो वेग येईल, तोच आघातवेग होय. वरील उदाहरणात १५ मी./से. वेगासाठी सु. ११.५ मी. उंची लागते, ती २० मी. मध्ये मिळवून ३१.५ मी. पतनाचा वेग काढल्यास पुन्हा २४.८ मी./से. हेच उत्तर येते. ऊर्जेच्या अक्षय्यतेची कल्पना पुढे दोन शतकांनी स्पष्ट झाली. तिचे बीज या रचनेत आहे.

हवेच्या रोधामुळे हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, हे गॅलिलीओंनी स्वतः मान्य केले होते. बंदुकीच्या गोळीचा वेग त्यांनी अपवादात्मक मानला. तरीही तोफखान्याचे कोष्टककार दीर्घकाळ अन्वस्तावरच विसंबून राहिले. बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये प्राक्षेपिक लंबकाने गोळीचा आघातवेग प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तीव्र वेगाच्या गोळीवरील हवेचा रोध तिच्या वजनाच्या कित्येक पट असतो असे आढळले.