मनाईच्या यादीतलं लग्न

गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती लग्नघरात काय काय चालायचं, याची एक तपशीलवार यादी उपलब्ध आहे, आणि ती केली ती या चालीरीती बंद पाडायला निघालेल्यांनी. 14 एप्रिल 1736 रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मतपासणीच्या न्यायालयाने, एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्यांनी कोणत्या चालीरीती सोडायच्या, याचा तो पाढा होता. भात अळणी शिजवून मीठ वरून घ्यायचं नाही, अंगणात तुळस लावायची नाही, पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही आणि बायकांनी चोळी घालायची नाही. लग्नाच्या वेळी तर डोळ्यांत तेल घालून पाहणी झालेली दिसते. वधूवरांच्या अंगाला दूध, खोबरेल आणि तांदळाचं पीठ चोळायला मनाई होती. त्यात केशरही येतं, ते बहुधा आपली हळदच. ओव्या गाण्यावरही बंदी आली. अ. का. प्रियोळकरांनी 1961 साली आपल्या इन्क्विझिशनवरच्या ग्रंथात हा जाहीरनामा अभ्यासकांपुढे मांडला. तो वाचताना राग येतो, आणि त्या नोंदींची किंमतही कळते.

चर्चचं स्वतःचं म्हणणं मोजकं होतं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 साली ठरवलं, की लग्न धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदारांसमोरच लागलं पाहिजे आणि त्याआधी तीनदा जाहीर पुकारलं गेलं पाहिजे. वधूवरांनी एकमेकांना दिलेला होकार हाच विधीचा गाभा. तो इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, अर्ध्या तासात उरकतो. पण लेक सासरी जायची ती अर्ध्या तासात जात नाही. त्याआधीचे आणि नंतरचे दिवस घराचे असतात, आणि घराला ट्रेंटने काहीच दिलं नव्हतं.

ती जागा रोसाने धरून ठेवली. लग्नाच्या आदल्या दिवशी नारळ खवून, वाटून, पिळून त्याचा रस काढतात. तोच रोस. नवरी साध्या, जुन्या कपड्यांत बसते. घरचं वडीलधारं माणूस पहिलं बोट लावतं, मग काक्या, मावश्या, शेजारणी रांगेने येतात. केसांत खोबरेल मुरवतात, गालांना, हातांना रोस चोळतात, आणि शेवटी भांडंच डोक्यावर रिकामं होतं. दाट पांढरी धार कपाळावरून गळ्यावर उतरते, आणि नवरी डोळे मिटून हसत असते. नवऱ्याच्या घरी हेच त्याच्या वाट्याला येतं. 1736 च्या यादीतलं खोबरेल अजून जागेवर आहे.

ओवीची कथा आणखी जिव्हारी लागणारी आहे. ज्या ओवीवर लग्नात बंदी आली, तीच ओवी त्याआधी सुमारे सव्वाशे वर्षं एका जेझुईट पाद्र्याने ख्रिस्तकथेसाठी निवडली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी क्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं, ते ओवीछंदातच. ख्रिस्ताचं चरित्र सांगायला चालली ती ओवी नवरीला न्हाऊ घालायला मात्र नको झाली! ती मेली नाही. सोळाव्या ते अठराव्या शतकांत गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर ती गेली. मंगळुरी कॅथलिकांच्या रोसाला बायका अजून वोवियो गातात.

चुडो, म्हणजे नवरीचा चुडा भरण्याचा विधी, हाही असाच टिकला. तो बहुधा मामाच्या घरी भरतात. कांकणकार येतो आणि नवरीचे हात चोळत, दाबत, हिरव्या-पिवळ्या बांगड्या एकेक करून चढवतो. नवरा वारला तर जुन्या रिवाजाप्रमाणे तो चुडा शवपेटीवर फोडत. हिरव्या चुड्याचा अर्थ मराठी बाईला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

याच दिवसांत एक पंगत बसते, भिकाऱ्यांचें जेवण. घरच्या मृतांची आठवण काढून गोरगरिबांना बोलावतात आणि पानावर बसवून आग्रहाने वाढतात. सगळ्या सोहळ्यातला हा सर्वांत सुंदर भाग म्हणायला हवा.

पांढरा झगा, केक, टोस्ट, बँड आणि जोडीजोडीने चालण्याचा ग्रँड मार्च हा रिसेप्शनचा थाट युरोपातून आला. पण त्यातही साडो आहेच. नवरीचा हा लाल पोशाख, आणि नावात साडी सरळ ऐकू येते. तो बेतायला शिंपी घरी येई, आणि पहिली कात्री चालली की फटाके वाजत.

मग पाठवणी. वरात निघाली की नवरीकडची मंडळी गावाच्या हद्दीपर्यंत सोबत जातात. तिथे शीम होते, मराठीतली शीवच ती. मातीत एक रेघ ओढतात, तिच्यावर फेणी ओततात, दोन्हीकडची माणसं एकमेकांना निरोप देतात. ओली रेघ अजून सुकलेली नसते, तोवर नवरी तिच्या पलीकडे गेलेली असते.