रेनहिलचा पण

दुकानांत जाऊन धोतरजोडी घेणें आणि जी वस्तु अद्याप नीट घडलेलीच नाहीं ती विकत घेणें, यांत मोठें अंतर आहे. पहिल्या व्यवहारांत डोळा व हात पुरतात. दुसऱ्यांत आपणांस काय हवें तें गिऱ्हाइकाला आधीं शब्दांत बांधावें लागतें. या लेखी लक्षणाला व्यापारी लोक स्पेसिफिकेशन म्हणतात. तें दोन रीतींनीं करतां येतें : वस्तु कशी घडवावी हें सांगावें, किंवा तिनें कोणतें काम करून दाखवावें हें सांगावें. प्रश्न कचेरींतला व रुक्ष वाटेल. परंतु आगगाडीच्या इतिहासांत त्यावर केवढें अवलंबून होतें, हें आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

सन १८२९ मध्यें लिव्हरपूल व मँचेस्टर या शहरांमधील लोहमार्ग पुरा होत आला होता, तरी त्यावरील गाड्या ओढणार कोण हें ठरलें नव्हतें. वॉकर व रास्ट्रिक या दोन नामांकित एंजिनियरांनीं अहवाल दिला कीं, वाटेंत जागोजाग स्थिर एंजिनें बसवून दोरांनीं गाड्या ओढाव्या. कंपनीचा स्वतःचा एंजिनियर जॉर्ज स्टीफन्सन फिरत्या एंजिनाचा कैवारी. संचालक बहुतेक व्यापारी. बाष्पपात्राच्या पोटांत काय चालतें याचें ज्ञान त्यांस कोठून असणार? त्यांनीं त्या वेळच्या जाणत्यांच्या सल्ल्यानें एंजिनाचा नकाशा ठरवून दिला असता, तर तो जुन्या धर्तीचाच झाला असता असें आम्हांस वाटतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. जनकराजानें जांवई कसा दिसावा हें न सांगतां धनुष्य पुढें ठेवलें, तसा त्यांनीं पण लावला, आणि ५०० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें.

पणाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. सहा टन वजनाच्या एंजिनानें २० टनांचा भार ताशी १० मैल वेगानें ओढला पाहिजे. वाफेचा दाब दर चौरस इंचास ५० पौंडांहून अधिक नसावा. एंजिनानें आपला धूर आपणच जाळावा. किंमत ५५० पौंडांच्या वर जाऊं नये. घडणीविषयीं ते अगदींच मुके राहिले असेंहि नाहीं. वाफ सोडणाऱ्या झडपा दोन हव्या, आणि त्यांतील एक चालकाच्या हातास न लागणारी हवी, असें त्यांनीं बजावलें. जेथें प्राणाशीं गांठ होती तेथें त्यांनीं घडण सांगितली. बाकी बहुतेक कारागिराच्या बुद्धीवर सोडलें. हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो.

ऑक्टोबर महिन्यांत रेनहिल येथें परीक्षा झाली. पावणेदोन मैलांच्या पट्टीवर एंजिनांनीं येरझारा घालून दोन्ही शहरांमधील अंतर भरून काढावयाचें होतें. एकानें तर फिरत्या पट्ट्यावर घोडा चालवून ओढणारें यंत्र आणलें होतें! ‘नॉव्हेल्टी’ वाऱ्यासारखी धांवली, पण वाटेंत बिघडली. हॅकवर्थच्या ‘सां पॅरेल’चें नळकांडें फुटलें. स्टीफन्सन पितापुत्रांच्या ‘रॉकेट’नें मात्र सर्व फेऱ्या पुऱ्या केल्या, व ती ताशी ३० मैलांच्या घरांत जाऊन आली. तिच्या बाष्पपात्रांतून तांब्याच्या २५ नळ्या नेल्या होत्या, त्यामुळें पाणी झपाट्यानें तापे. ही युक्ति कंपनीचा खजिनदार हेन्री बूथ यानें सुचविलेली. खरेदीदाराचाच खजिनदार आणि एंजिनियर विक्रेत्याच्या पंगतीस बसलेले पाहून आजचा हिशेबतपासनीस कपाळाला हात लावील! परंतु परीक्षा उघड्या मैदानांत होती, आणि परीक्षकांत दोरांचा पुरस्कर्ता रास्ट्रिकहि होता.

पुढें चोवीस वर्षांनीं, १८५३ मध्यें, बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी निघाली. तिच्या कंपनीचा सल्लागार एंजिनियर रॉबर्ट स्टीफन्सनच होता. पुढें हिंदुस्थानांत रेल्वे वाढल्या, तशी एकीच्या एंजिनाचा सुटा भाग दुसरीच्या एंजिनास बसेना. तेव्हां १९०३ च्या सुमारास ठराविक घडणीचीं एंजिनें ठरविण्यांत आलीं, हें योग्यच झालें. वस्तु अनुभवानें सिद्ध झाली आणि तिचे भाग अदलाबदल करतां येणें हेंच मुख्य झालें, म्हणजे घडण सांगणेंच बरें.

परंतु याच रीतीनें पुढें घात केला. १९२४ नंतर हलका कोळसा जाळणाऱ्या एक्स-वर्गाच्या नव्या घडणी कागदावर ठरल्या, आणि थोड्या एंजिनांची कसून परीक्षा होण्यापूर्वींच पॅसिफिक जातीचीं अडीचशेंहून अधिक एंजिनें घेण्यांत आलीं. वजन, मापें, कोळसा, सारें कागदाबरहुकूम होतें. पण प्रत्यक्ष रुळांवर तीं नागमोडी डोलत. ता. १७ जुलै १९३७ रोजीं पाटण्याजवळ बिहटा येथें एक्स-बी एंजिनाची गाडी रुळांवरून उतरली व शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. त्यानंतर इंग्लंड व फ्रान्समधील तज्ज्ञांची समिति येऊन त्या एंजिनांचें डोलणें मोजूं लागली.

१९४७ मध्यें डब्ल्यू-पी हें नवें एंजिन अमेरिकेंतील बाल्डविन कारखान्याकडून आणविलें, तेव्हां प्रथम सोळाच घेतलीं. तीं इकडच्या मार्गांवर चालवून पाहिल्यावर मोठ्या मागण्या गेल्या, आणि १९६७ पर्यंत त्या जातीचीं ७५५ एंजिनें तयार झालीं.