घरी खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी करताना: आरोग्याच्या दृष्टीने काय जपावे

परळी वैजनाथपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरी मुंबईहून मासे आणि समुद्री जीव मागवून, बाजारात मिळणारे समुद्री मीठ आरओच्या पाण्यात विरघळवून, दिवाणखान्यात साठ-सत्तर लिटरचा छोटा समुद्र उभा करता येतो. दर लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ, पाण्याचे तापमान 24 ते 26 अंश, पाणी फिरवणारा पंप आणि निळसर एलईडी दिवा एवढी मूळ मांडणी. ती कशी करायची हे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्या टाकीमुळे घरातल्या माणसांना काय होऊ शकते, हे मात्र त्यांत फारसे सांगितलेले नसते. हा लेख त्याविषयी आहे. टाकी लावायचे ठरवले असेल तर आधी वाचा. टाकी घरात असेल आणि हातावरची गाठ बरी होत नसेल, किंवा टाकी साफ केल्यावर घरात कोणाला थंडी-ताप आणि धाप लागली असेल, तर आत्ता वाचा.

सर्वांत मोठा धोका: बटणासारखी रंगीत 'फुले'

भारतात दगडी प्रवाळ, म्हणजे कठीण सांगाडा तयार करणारे प्रवाळ, वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत. ते समुद्रातून काढणे, विकणे हा गुन्हा आहे. समुद्री घोड्यांनाही तेच संरक्षण आहे. त्यामुळे घरगुती टाक्यांमध्ये बऱ्याचदा मऊ जीव दिसतात आणि त्यात झोअँथिड फार लोकप्रिय असतात. हिरव्या, केशरी, जांभळ्या रंगाची, शर्टाच्या बटणाएवढी, एकमेकांना चिकटून गालिचा करणारी ही 'फुले' खरे तर प्राणी आहेत. विक्रेते त्यांना 'झोआ', 'पॅली' किंवा 'बटण' म्हणतात. काही वेळा ती वेगळी मागवलेली नसतात, दगडाला चिकटून आपोआप घरी येतात.

यांतल्या काही जातींत, विशेषतः तपकिरी-हिरवट, मोठ्या 'पॅली' प्रकारात, पॅलिटॉक्सिन नावाचे विष असते. ते प्रथम वेगळे केले गेले ते हवाई बेटांतल्या अशाच जीवांपासून, 1971 साली. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा एक पंप असतो. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला चिकटून त्याचे उघडे भोक करून टाकते. पेशीतले क्षार वाहून जातात आणि स्नायू, हृदय, रक्तवाहिन्या यांचे काम बिघडते. कोणता गालिचा विषारी आणि कोणता नाही हे नुसते बघून खात्रीने सांगता येत नाही, विक्रेत्यालाही नाही. म्हणून सगळेच विषारी समजून वागावे.

हे विष तीन वाटांनी शरीरात जाते. हाताला चीर असेल तर तिथून. दगड घासताना उडालेला थेंब डोळ्यात गेला तर तिथून. आणि सर्वांत घातक म्हणजे श्वासातून. उकळत्या पाण्याने हे विष नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर सूक्ष्म थेंबांच्या रूपात हवेत पसरते. नको असलेले झोअँथिड मारण्यासाठी दगडावर उकळते पाणी ओतणे किंवा दगड पातेल्यात उकळणे ही कल्पना अनेकांना सहज सुचते, आणि याच कल्पनेने जगभरात अख्खी कुटुंबे आजारी पडली आहेत. 2018 साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात टाकीतला प्रवाळ-दगड बाहेर काढून साफ केल्यावर एका घरातली सगळी माणसे रुग्णालयात दाखल झाली होती. ज्यांनी दगडाला हातही लावला नव्हता तेही त्यांत होते.

लक्षणे काही मिनिटांत किंवा काही तासांनी सुरू होतात. तोंडात कडू किंवा धातूसारखी चव, ओठ-जिभेला मुंग्या, हुडहुडी भरून ताप, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे, धाप, अंग ठेचल्यासारखे दुखणे, मळमळ. घरातल्या तिघा-चौघांना एकाच संध्याकाळी असे झाले तर पहिला विचार 'व्हायरल'चा येतो, पावसाळ्यात तर डेंग्यूचाही. टाकीचा विषय रुग्णाने काढला नाही तर डॉक्टरांना तो सुचण्याची शक्यता कमी असते. लघवी गडद चहासारखी दिसली तर स्नायूंची मोडतोड होत असण्याची शक्यता आहे, तिथे थांबू नका.

असे झाल्यास काय करावे

सगळ्यांना, लहान मुले आणि कुत्र्या-मांजरांसह, खोलीबाहेर काढा. जाताना सहज जमले तर खिडक्या उघडा, खोलीचे दार लावून घ्या. दगड झाकायला किंवा फरशी पुसायला परत आत जाऊ नका. कपडे बदला, अंग साबणाने धुवा. डोळ्यात उडाले असेल तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा, कारण बुबुळावर जखम होऊन दृष्टी कायमची कमी होऊ शकते. धाप, छातीत दुखणे, चक्कर यांपैकी काही असेल तर 108 ला फोन करा. परळीकरांना मोठे शासकीय रुग्णालय जवळ आहे ते अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

तिथे पहिले वाक्य असे सांगा: "घरात समुद्री पाण्याची टाकी आहे, आज झोअँथिडचा दगड साफ केला, पॅलिटॉक्सिनची शंका आहे." शब्द लक्षात राहणार नसेल तर हा लेख फोनवर उघडून दाखवा. यावर उतारा नाही. ऑक्सिजन, श्वासनलिका मोकळी करणारी औषधे, सलाइन, ईसीजी, रक्तातले पोटॅशियम आणि सीपीके यांवर लक्ष ठेवणे हाच उपचार, आणि वेळेत मिळाला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. डॉक्टरांना सल्ला हवा असल्यास दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 आहे.

दगड साफ करायचाच असेल तर

उकळायचा नाही, गरम पाणी ओतायचे नाही, कोरडा करून ब्रशने घासायचा नाही, पाण्याचा जोराचा फवारा मारायचा नाही. वाळलेल्या दगडातही विष टिकते. लांब बाह्यांचे रबरी मोजे, डोळ्यांना बंद चष्मा आणि तोंडाला मास्क लावून दगड टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवा आणि बादली अंगणात न्या. टाकून द्यायचा दगड असेल तर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवून किमान अर्धा तास, शक्यतो जास्त वेळ, ठेवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पंपावरचा क्षार काढायला व्हिनेगर वापरतात, म्हणून या दोन बाटल्या एकाच जागी न ठेवलेल्या बऱ्या.

माझे मत विचाराल तर घरात दमा असलेले माणूस किंवा रांगते मूल असेल तर झोअँथिड आणूच नयेत. क्लाउनफिश आणि चार कोळंब्या असलेली टाकीही सुंदर दिसते.

हातावरची न बरी होणारी गाठ

हा आजार गडबडीचा नाही, म्हणूनच त्याचे निदान चुकते. टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचे जंतू असू शकतात. 1926 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया मत्स्यालयातल्या खाऱ्या पाण्याच्या मेलेल्या माशांमध्ये ते प्रथम ओळखले गेले. ते क्षयाच्या जंतूंचे नातलग आहेत. दगडाने किंवा माशाच्या काट्याने बोटाला खरचटते, तुम्ही ते विसरूनही जाता. दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, तिथे लालसर-जांभळी, फारशी न दुखणारी गाठ येते. ती चिघळते किंवा चामखिळीसारखी खरबरीत होते. पुढे मनगटापासून कोपरापर्यंत एका ओळीत आणखी गाठी येऊ शकतात. बोटाचे सांधे आखडले किंवा सुजले तर संसर्ग खोल गेला आहे असे समजावे.

आपल्याकडे अडचण अशी की या गाठीचा तुकडा तपासला तर अहवाल क्षयासारखाच दिसतो, आणि मँटू चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते. क्षय आपल्या भागात नेहमी दिसणारा आजार असल्याने 'त्वचेचा क्षय' असे निदान होऊन नेहमीच्या गोळ्या सुरू होतात. त्या गोळ्यांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड यांचा या जंतूंवर सहसा उपयोग होत नाही. रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल मात्र लागू पडतात, त्यामुळे थोडा फरक दिसतो आणि चुकीचे निदान बरोबर वाटू लागते. शिवाय घरात क्षयाचा रुग्ण म्हणून जे वेगळे वागवणे सुरू होते ते विनाकारण. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही.

एक छोटी गोष्ट इथे फार उपयोगी पडते. हे जंतू 30 ते 32 अंशांना चांगले वाढतात, शरीराच्या 37 अंशांना नीट वाढत नाहीत. म्हणूनच ते हाता-पायाच्या थंड त्वचेत राहतात. प्रयोगशाळेत नमुना नेहमीप्रमाणे 37 अंशांना ठेवला तर काहीच न उगवण्याची शक्यता असते. म्हणून नमुना पाठवतानाच 'टाकीत हात घालतो, मरिनमची शंका' असे कागदावर लिहून द्यायला डॉक्टरांना सांगा. उपचार बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन आणि त्यासोबत रिफॅम्पिसिन किंवा इथॅम्ब्युटॉल असे, काही महिने चालतात. गाठी गेल्यावरही पुढे एक-दोन महिने औषध घ्यावे लागते, ते मध्येच सोडू नका.

स्टेरॉइड, संधिवाताची जैविक इंजेक्शने किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे चालू असणाऱ्यांनी टाकीत हात घालू नये. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर आणखी एक कारण आहे. समुद्री पाण्यातले व्हिब्रिओ जातीचे जंतू जखमेतून गेले तर काही तासांत हात सुजून काळे-निळे फोड येऊ शकतात. गाठीच्या बाबतीत आठवडाभर थांबता येते, इथे रात्रभरही थांबू नये.

बाकीच्यांसाठी नियम सोपा आहे. हातावर चीर असेल तर कोपरापर्यंतचे मोजे, नाहीतर टाकी तशीच राहू द्या. नंतर साबणाने हात. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका. टाकीची बादली-मग्गा वेगळा ठेवा आणि तो स्वयंपाकघरात धुवू नका.

वीज, पाणी आणि चुना

खारे पाणी साध्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले वीजवाहक असते. टाकीच्या कडेने पांढरा क्षार साचतो, तो ओलावा धरून प्लगपर्यंत पोहोचतो. टाकीच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही, ही दोन वेगळी उपकरणे आहेत. वायरीला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. टाकीत हात घालण्याआधी सगळे प्लग काढा. लाइट गेली आहे म्हणून तसाच हात घालू नका, ती तुमचा हात पाण्यात असतानाच परत येते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा निकामी होत जातो, त्यात पाणी घालत राहावे आणि इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

आपल्या बोअरचे जड पाणी या टाकीला चालत नाही, आरओचे लागते, आणि मे महिन्यात पंख्याखाली टाकीतले पाणी रोज आटते. म्हणजे गोड्या पाण्याचा साठा आला. 2015 साली पाण्याअभावी औष्णिक वीज केंद्राचे संच बंद राहिलेल्या गावात आरओने फेकलेले पाणी वाया घालवू नये हे सांगायला डॉक्टर नको. ते धुण्या-पुसण्याला वापरा. पण भरलेली पिंपे घट्ट झाका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. खाऱ्या टाकीपेक्षा तिच्या शेजारचे उघडे पिंपच जास्त लोकांना आजारी पाडेल.

प्रवाळांना कॅल्शियम देण्यासाठी जी 'काल्कवासर' नावाची पूड विकतात, ती चुनाच. तिचे पाणी म्हणजे चुन्याची निवळी. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून मुलांचे डोळे गेल्याची उदाहरणे महाराष्ट्रातल्या नेत्रतज्ज्ञांना नवी नाहीत. ही पूड, फॉर्मेलिन आणि माशांच्या औषधातले मोरचूद कुलपात ठेवा. चुना डोळ्यात गेला तर आधी तिथेच भरपूर पाण्याने वीस मिनिटे धुवा, मग दवाखाना. तूप, दूध, गुलाबपाणी काही घालू नका.

लायनफिशसारखा विषारी काट्यांचा मासा पाळला आणि काटा लागला, तर हात सोसवेल इतक्या गरम, सुमारे 45 अंशांपर्यंतच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. वेदना बऱ्याच कमी होतात. दुखऱ्या हाताला उष्णतेचा अंदाज येत नाही, म्हणून पाणी दुसऱ्या, बऱ्या हाताने तपासा. त्यानंतर धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते बघा, आणि काटा आत तुटला असल्यास एक्स-रे काढून घ्या.

साठ लिटरची टाकी दगडांसह ऐंशी-नव्वद किलो भरते. तिचे स्टँड भिंतीला पक्के बसवा, आणि टाकी झोपायच्या बंद खोलीत ठेवू नका.