खेळ पाहणाऱ्याची जागा

आपल्याकडे खेळांचा इतिहास जिंकणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. कोणी किती धावा काढल्या, कोणी कोणाला चीत केले, कोणत्या संस्थानिकाने कोणाला काय बक्षीस दिले, याच्या नोंदी आहेत. परंतु तो खेळ पाहायला जमलेल्या माणसांत कोण कुठे बसले होते आणि कोणाला बसूच दिले नव्हते, हे लिहून ठेवण्याची गरज सहसा कोणाला वाटली नाही. ज्यांनी लिहिले ते बसलेले होते. ज्यांना उभे राहावे लागले त्यांच्या हाती लेखणी नव्हती. म्हणून ही बाजू कोरी राहिली.

हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचला नाही. तो परतूरच्या मैदानावर एका रविवारी दुपारी सुचला. टेनिस चेंडूवरच्या क्रिकेटची स्पर्धा होती. आसपासच्या खेड्यांतले संघ आले होते. फक्कीने सीमारेषा आखलेली, एका बाजूला मांडव, मांडवात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि कर्ण्यावरून एक पोरगा प्रत्येक चेंडूचे वर्णन करीत घसा कोरडा करून घेत होता. वडील दवाखान्याच्या कामासाठी खेड्यावरून आले होते. त्यांना सोबत नेले. मांडवात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. मी म्हणालो, ‘‘दादा, चला, खुर्चीवर बसू.’’ ते म्हणाले, ‘‘तू बस. मला इथून दिसतंय समदं.’’ आणि लिंबाच्या सावलीत उकिडवे बसले. त्यांना कोणी अडवले नव्हते. मीही त्यांच्याजवळ जमिनीवर बसलो.

तासाभरात त्यांना खेळाची गोडी लागली. चेंडू उंच गेला की ते अर्धवट उठत, झेल सुटला की मांडीवर थाप मारीत. कोणता संघ कोणत्या गावचा हे त्यांनी विचारून घेतले आणि धाकट्या खेड्याची बाजू धरली. फुटाणे खाल्ले, चहा झाला. आम्ही बापलेकांनी त्या दुपारची मजा पुरेपूर घेतली. घरी परतताना मात्र एकच गोष्ट मनात घोळत होती. खुर्ची रिकामी होती, अडवणारा कोणी नव्हता, तरी हा माणूस खुर्चीवर का बसला नाही?

उत्तर आमच्या घरातच होते. माझे आजोबा गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडात हलगी वाजवीत. हलगीशिवाय फड रंगत नाही हे कुस्तीचा शौकीन कोणीही सांगेल. पैलवान हात मिळवतो तेव्हा हलगीचा ठेका बदलतो, डाव पडतो तेव्हा ती कडाडते. म्हणजे आजोबा फडाच्या अगदी मध्यावर, पैलवानाच्या घामाचे थेंब अंगावर उडावेत इतके जवळ असत. परंतु हलगी थांबली की त्यांची जागा फडात नव्हती. आणि हलगी न वाजविणाऱ्या मांगवाड्याची जागा तर मुळातच नव्हती. वडील सांगतात, पोरांच्या नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत आपली माणसे लांब बांधावर उभी असत. पायाला रग लागे, पण खाली बसले तर काही दिसत नसे. उभे राहून खेळ पाहण्याची ती सवय वडिलांच्या अंगात इतकी मुरली आहे की आज मांडवातली खुर्ची त्यांना परकी वाटते.

माझी गोष्ट त्याहून फार वेगळी नाही. शाळेत असताना गावच्या संघात मी गोलंदाजी करीत असे. बळी मिळत, म्हणून संघात घेत. एक मोठा सामना जिंकला आणि मळ्यात जेवण ठरले. पंगतीत सर्वांना ताटे आली, मला पत्रावळ आली, आणि मधे दोन हात जागा सोडलेली होती. त्या दिवशी मी पाच बळी घेतले होते. ही घटना पेशवाईतली नाही, एकविसाव्या शतकातली आहे. गावाचे नाव सांगत नाही. नाव बदलले तरी गोष्ट बदलत नाही.

पुढे इतिहासाचा विद्यार्थी झालो तेव्हा हीच पत्रावळ मला शंभर वर्षे मागे एका मैदानावर सापडली. पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाडला चांभार कुटुंबात झाला. वडील लष्करात नोकरीला होते. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम महिना तीन रुपयांवर त्यांनी केले. नंतर ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे साहेब मंडळींना सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. बॅट मात्र साहेबांच्या हातात असे. डावखुऱ्या फिरकीची त्यांची कला त्या चाकरीतून घडली. पुण्याच्या हिंदू क्लबाला ही गोलंदाजी हवीशी वाटली, तेव्हा बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावीत. परंतु चहाच्या वेळी सवंगडी आत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा पीत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या, पिऊन फेकून द्यायच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणही वेगळेच.

१८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईला आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. त्या विजयात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम हे दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, आणि त्या दौऱ्यात बाळूंनी एकूण ११४ बळी मिळविले. एवढा मोठा खेळाडू, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळले गेले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. पुढे तडजोड झाली. १९२३ साली धाकटे विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षी चौरंगी सामने हिंदू संघाने जिंकले.

येथे एक अवघड गोष्ट नमूद केली पाहिजे. आपल्या नियतकालिकांत बाळूंविषयी लिहिताना ती टाळली जाते. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत बाळू काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. त्यावरून बाळूंना गद्दार ठरविणे सोपे आहे, आणि खेळाडू म्हणून त्यांचा मोठेपणा सांगून हा प्रसंग झाकणेही तितकेच सोपे आहे. मला दोन्ही पटत नाही. त्या लढतीत दोन माणसांपेक्षा दोन मार्ग समोरासमोर उभे होते. अंगच्या गुणांनी सवर्णांची मान्यता मिळवावी आणि त्या मान्यतेतून हळूहळू दार उघडावे, हा बाळूंच्या आयुष्याने दाखविलेला मार्ग. तो त्यांनी अपमान गिळून, अपार कष्टाने तुडविला. परंतु ज्याला फिरकी टाकता येत नाही त्याने काय करायचे? ज्याच्या अंगी कोणताही असाधारण गुण नाही, जो फक्त माणूस आहे, त्याला कोणत्या दाराने आत यायचे? बाबासाहेबांचे राजकारण या माणसासाठी होते. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर गेलेल्या माणसांनी कोणताही सामना जिंकलेला नव्हता. गुणवंताला मिळते ती सवलत. सामान्याला मिळतो तो हक्क. सवलत काढून घेता येते. बाळूंची १९२० साली काढून घेतलीच होती.

खेळाच्या मैदानावर हा सामान्य माणूस कोण? तो प्रेक्षक. त्याने काहीच सिद्ध केलेले नसते. संघाला त्याचा हात लागत नाही, पाय लागत नाही. तो फक्त आनंद घ्यायला आलेला असतो. म्हणूनच व्यवस्था खेळाडूला आत घेते आणि प्रेक्षकाला बाहेर ठेवते. आमचा हात चालतो, आमचे बसणे चालत नाही.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे नाही. त्याच १९२० सालाकडे पुन्हा पाहा. जानेवारीच्या अखेरीस मुंबईत ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. पुढच्या पंधरवड्यात अमेरिकेत, कॅन्सस सिटी येथे, रूब फॉस्टर या कृष्णवर्णीय खेळाडूच्या पुढाकाराने बेसबॉलसाठी ‘निग्रो नॅशनल लीग’ स्थापन झाली. बेसबॉल म्हणजे गोल दांडक्याने चेंडू टोलवून चार ठाण्यांना फेरी घालण्याचा खेळ. अमेरिकनांचे त्याच्यावर आपल्या क्रिकेटइतकेच वेड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गोऱ्या संघमालकांनी आपसांत समजूत करून काळ्या खेळाडूंना मोठ्या स्पर्धांतून हद्दपार केले होते. त्यासाठी लेखी नियमाची गरज पडली नाही. जातीलाही ती फारशी पडत नाही. तेव्हा काळ्यांनी स्वतःची स्पर्धा उभारली. एकीकडे स्वतःचे वृत्तपत्र, दुसरीकडे स्वतःची लीग, आणि तीही एका पंधरवड्याच्या आत! दोन्ही जमातींना एकमेकींची वार्ताही नव्हती; बहिष्काराने मात्र दोघींना एकच धडा शिकविला होता.

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात, ‘रिकवुड फील्ड’ नावाचे बेसबॉलचे एक लहानसे स्टेडियम आहे. ते १८ ऑगस्ट १९१० रोजी उघडले आणि आजही उभे आहे. गोऱ्यांचा संघ ‘बॅरन्स’, काळ्यांचा संघ ‘ब्लॅक बॅरन्स’, मैदान एकच. काळ्यांच्या संघाकडून मैदानाचे भाडे घेताना रंग आडवा येत नसे. परंतु गोऱ्यांचा सामना असला की काळ्या प्रेक्षकांना उजव्या कडेच्या वेगळ्या बाकांवर बसावे लागे. ब्लॅक बॅरन्सचा सामना असला की मात्र सारे मैदान त्यांचे. रविवारी चर्च सुटले की माणसे ठेवणीतल्या कपड्यांत थेट मैदानावर येत. आपली माणसे चौदा एप्रिलला पांढरेशुभ्र कपडे घालून निघतात, त्या दृश्याशी हे ताडून पाहावे. १९४८ साली सतरा वर्षांचा विली मेज याच मैदानावर त्यांच्यासाठी खेळला. पुढे तो त्या खेळातल्या सर्वश्रेष्ठांपैकी एक ठरला.

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला आणि मोठ्या स्पर्धेतली रंगाची भिंत फुटली. इतिहासाची पुस्तके येथे टाळ्या वाजवितात. परंतु बर्मिंगहॅमचे नंतरचे वर्तन पाहा. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र पत्ते वा सोंगट्या खेळू नयेत असा कायदा त्या शहरात होताच. १९५० साली तो बेसबॉललाही लावण्यात आला. पुढे मिश्र संघ स्वीकारण्याऐवजी बॅरन्सनी १९६१ नंतर संघच उतरविला नाही. १९६४ साली तो परतला तेव्हा संघ मिश्र होता. दोन वर्षे मैदान ओस पडले तरी चालेल, पण बरोबरीने खेळणे-बसणे नको! विहीर बाटेल म्हणून तीत काटे टाकणारे आपल्याला परके नाहीत.

त्याच १९५० सालच्या २६ जानेवारीला आपले संविधान अमलात आले. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांच्या बरोबरीने सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे प्रवेश नाकारता येणार नाही. हा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. पोट भरण्याच्या हक्काइतकाच मन रमविण्याचा हक्कही माणसाचा आहे, हे संविधानाने मान्य केले. १९२३ साली बोले यांच्या ठरावाने मुंबई प्रांतातले पाणवठे कागदोपत्री तरी खुले झाले होते. परतूर मात्र निजामाच्या राज्यात होते, आणि तो ठराव इथवर पोहोचला नाही. आमच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसांना बसण्याचा हक्क मिळाला तो संविधानाने. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा जूनमध्ये लागू झाला, आणि त्यानंतर सुमारे महिनाभराने, जुलैत, पालवणकर बाळू वारले.

२० जून २०२४ रोजी रिकवुड फील्डवर मोठ्या संघांचा एक सामना जुन्या काळ्या खेळाडूंच्या सन्मानार्थ झाला. विली मेज त्याच्या दोनच दिवस आधी वारला होता. त्या सामन्याची दृश्ये मी मोबाइलवर पाहिली. काळे-गोरे प्रेक्षक खांद्याला खांदा लावून बसलेले होते. पाहताना मला लिंबाखाली बसलेले दादा आठवले. कायद्याने खुर्ची मोकळी होते. खुर्चीवर बसण्याची सवय कायदा लावू शकत नाही. ती पिढ्यांनी लागते.

तरी त्या दुपारची एक गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली आहे. मैदानात चहा आला तो कागदी कपांतून. मांडवातल्या पाहुण्यांना तोच कप, आम्हाला तोच, आणि पिऊन झाल्यावर सगळ्यांनी फेकून दिला. बाळूंना जे भांडे अपमान म्हणून दिले, तसलेच आज सगळे गाव मुकाट्याने तोंडाला लावते. हे परिवर्तन सोयीने घडविले, समतेने नव्हे, याचे मला भान आहे. दादांनी मात्र तो चहा चवीने घेतला.

आपल्या साहित्याने वेदना लिहिली, विद्रोह लिहिला. ते आवश्यकच होते. परंतु आपल्या माणसांनी चोरून, लांबून, उभ्याने घेतलेल्या आनंदाचा इतिहासही लिहिला पाहिजे. माझ्या वर्गातल्या मुला-मुलींना मी यंदा एक काम दिले आहे. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला त्यांनी एवढेच विचारायचे: गावच्या फडात, जत्रेत, तमाशात, सिनेमाच्या तंबूत तुम्ही कुठे बसत होता? मुलींनी आजीला विचारायचे: तुम्हाला तिथे येऊ तरी देत होते का? उत्तरे येऊ लागली आहेत. काहींनी पहिल्यांदाच आपल्या आजोबांशी तासभर गप्पा मारल्या. मैदानाभोवती कोण कुठे होते याचा नकाशा या उत्तरांतून काढता येईल. तो गावोगाव काढला गेला, तर आपल्या खेळांच्या इतिहासाची कोरी राहिलेली बाजू भरू लागेल. पुढच्या स्पर्धेला दादांना पुन्हा घेऊन जाणार आहे. ते कुठे बसतील ते त्यांनी ठरवावे. मी त्यांच्या शेजारी असेन.