यदृच्छा वेगळी, मोकळीक वेगळी

मंडळी, श्वेताश्वतर उपनिषदाच्या सुरुवातीलाच विचारलंय, या जगाचं कारण काय? काळ, स्वभाव, नियती अशा उमेदवारांच्या यादीत एक शब्द येतो, यदृच्छा. आपसूक, कुणी न ठरवता घडणं. करणाऱ्याची मोकळीक ही त्याहून अगदी निराळी गोष्ट आहे. आधुनिक पाश्चात्त्य संगीताबद्दल बोलताना मात्र लोक या दोन्ही एकत्र कालवतात. आज स्ट्रिंग क्वार्टेटच्या, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो अशा चौघांच्या संगीताच्या आधाराने त्या सोडवून बघू.

सुरुवात आपल्याकडच्याच एका बाईंपासून. अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ च्या सुमारास न्यूयॉर्कला गेल्या. आपल्या संगीतावर पाश्चात्त्य संगीताचा जो परिणाम होतोय, त्याची त्यांना काळजी होती. म्हणून ते नीट शिकून घ्यायचं होतं. जॉन केज त्यांना शिकवायला तयार झाला, आणि फीऐवजी त्याने त्यांच्याकडून भारतीय संगीत आणि त्यामागचं तत्त्वज्ञान शिकून घेतलं. त्याच्या १९४९-५० च्या क्वार्टेटचे चार भाग म्हणजे चार ऋतू, आणि ऋतूंमागे उत्पत्ती, स्थिती, लय, विश्रांती ही भारतीय कल्पना आहे.

पण त्यात यदृच्छा अजून आलेली नाही. ती आली १९५१ मध्ये, ‘म्युझिक ऑफ चेंजेस’ या पियानोच्या रचनेत. यी चिंग या प्राचीन चिनी ग्रंथाच्या रीतीने तीन नाणी सहा वेळा उडवायची, आणि जी आकृती येईल तिच्यावरून स्वर, कालावधी, जोर ठरवायचे. आता गंमत बघा. रचनाकाराने आपली आवडनिवड सोडली, पण वाजवणाऱ्याला काय मिळालं? काही नाही! त्याच्यापुढे सगळं पक्कं लिहिलेलं. १९५८ च्या एका व्याख्यानात केजने स्वतःच म्हटलं की, असा वादक म्हणजे वास्तुकाराच्या नकाशाबरहुकूम बांधकाम करणारा ठेकेदार.

१९६० मध्ये केजच्या पियानो कॉन्सर्टचा काही भाग पोलंडच्या विटोल्ड लुतोस्वाव्स्कीने रेडिओवर ऐकला आणि त्याला वाट सापडली. पण ती केजची नव्हे. त्याचं १९६४ चं क्वार्टेट ला साल क्वार्टेटने मार्च १९६५ मध्ये स्टॉकहोमला पहिल्यांदा वाजवलं. यात प्रत्येकाचे स्वर लिहिलेले आहेत, मनाने काही भरायचं नाही. मात्र बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाने आपापल्या गतीने जायचं, दुसऱ्याशी जुळवून घ्यायचं नाही, ठरलेली खूण आली की पुढचा भाग. म्हणून त्याने चौघांचं एकत्रित लिखाणच दिलं नव्हतं. एकाखाली एक स्वर दिसले की वादक ते एकदम वाजवणार, ही त्याची भीती. वॉल्टर लेव्हिनने, म्हणजे ला सालच्या पहिल्या व्हायोलिनवादकाने, तरी ते मागितलंच. शेवटी लुतोस्वाव्स्कीच्या पत्नी दानुता यांनी चौघांचे तुकडे वेगवेगळ्या चौकटींत मांडून तोडगा काढला.

इथे बसलेल्या बऱ्याच जणांची हयात भोसरी-चाकणच्या कारखान्यांत गेली आहे. तुम्ही म्हणाल, सर, हा टॉलरन्स झाला. ड्रॉइंगवर २५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०२ लिहिलंय, त्यात बसला तर जॉब पास. बरोबर आहे, मर्यादा आधीच आखलेली आहे. पण तिथे फरक आपण चालवून घेतो. शून्य झाला तर सुपरवायझर खूश. इथे फरक शून्य झाला तर रचनाच बिघडली. चौघांच्या न जुळण्यातून जी दाट, हलती वीण तयार होते, तीच तर त्याला हवी होती.

दुसरा आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि तो मला पटत नाही. ‘यात नवल काय, आपल्या ख्यालात हे पूर्वीपासून आहे.’ बंदिश दोन-चार ओळींची, बाकी विस्तार गायकाचा, हे खरं. पण ख्यालातली मोकळीक ऐकण्यावर उभी आहे. गायक तबल्याच्या ठेक्याकडे कान देऊन समेवर येतो, पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो. लुतोस्वाव्स्की म्हणतो, शेजाऱ्याच्या मागे जाऊ नका. आपल्या साथीदाराला असं सांगून बघा! दोन्हीकडे मोकळीक आहे, पण एक संवादातली, दुसरी एकेकट्याची. ‘आमच्याकडे होतंच’ म्हणून टाकलं की दोन्हींकडे बघायचं राहून जातं.

आता सुरुवातीची काही मिनिटं ऐकू. आधी पहिलं व्हायोलिन एकटंच, अडखळत बोलल्यासारखं वाजेल. मग मध्येमध्ये एकच स्वर वेगवेगळ्या सप्तकांत ठोकल्यासारखा येईल, त्याच्याकडे लक्ष ठेवा.