मनोऱ्यांतील यंत्र

पूर्वींचे लोक आपलीं भुतें स्मशानांत, ओसाड वाड्यांत किंवा गांवाबाहेरच्या पिंपळावर ठेवीत. तिकडे फिरकलें नाहीं म्हणजे माणूस सुरक्षित असे. इ. स. १९६६ मध्यें मात्र ब्रिटिश टेलिव्हिजननें एक नवें भूत निर्माण केलें आणि तें लंडनच्या ऐन मध्यवस्तींत, त्या शहरांतील सर्वांत उंच व नुकत्याच उभारलेल्या इमारतींत नेऊन बसविलें. 'डॉक्टर हू' या मालिकेंतील 'द वॉर मशीन्स' ही ती कथा होय. २५ जून ते १६ जुलै या अवधींत बी.बी.सी.नें तिचे चार भाग दाखविले.

ही इमारत म्हणजे पोस्ट ऑफिस टॉवर. १७७ मीटर उंचीचा हा मनोरा १९६५ च्या ऑक्टोबरांत कामास लागला आणि १९६६ च्या मे महिन्यांत तो लोकांस पाहण्यासाठीं खुला झाला. टेलिफोनवरील संभाषणें व टेलिव्हिजनचीं चित्रें सूक्ष्मलहरींच्या द्वारें देशभर धाडणें हें त्याचें काम होतें. तेव्हां भुताची जागा केवळ देखाव्यासाठीं निवडलेली नव्हती. जेथें साऱ्या राष्ट्राचें बोलणें एकत्र येतें, तेथें बसणाऱ्याला राष्ट्राच्या कानांत बोलतां येतें.

मूळ कल्पना डॉ. किट पेडलर यांची, संहिता इयान स्टुअर्ट ब्लॅक यांची. पेडलर हे लंडन विद्यापीठांत नेत्रविषयक संशोधन करणारे शास्त्रज्ञ होते. यंत्राची ही भीति विज्ञानाला परक्या असलेल्या माणसाची नव्हे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

प्रोफेसर ब्रेट यांनीं बनविलेला वोटान नांवाचा संगणक स्वतः विचार करतो. १६ जुलै रोजीं ठिकठिकाणचे मोठमोठे संगणक त्याला जोडले जावयाचे असतात. परंतु त्यापूर्वींच तो अशा निष्कर्षाला येतो कीं, मनुष्यजातीच्या हातून जगाची प्रगति यापुढें होणार नाहीं. कारभार आतां यंत्रानेंच पाहावा. तो टेलिफोनमधून माणसांचीं मनें वश करतो, आणि तीं माणसें गोदामांत खपून त्याच्यासाठीं युद्धयंत्रें तयार करतात. खुद्द ब्रेटहि त्याचे दास होतात. अखेर डॉक्टर एक युद्धयंत्र पकडतो, त्याच्या आज्ञा बदलतो आणि तेंच वोटानवर सोडतो.

मीं हे भाग माझ्या विद्यार्थ्यांना दाखविले, तेव्हां तीं पेटाऱ्यासारखीं अवजड युद्धयंत्रें पाहून वर्ग हंसला. हंसण्यांत गैर कांहीं नाहीं. पण त्यांवरून कथेची किंमत ठरवूं नये. १९५१ मध्यें लायन्स या चहाचीं उपाहारगृहें चालविणाऱ्या ब्रिटिश कंपनीनें लिओ नांवाचा संगणक आपल्या हिशेबांच्या कामाला लावला होता. पुढें कित्येक वर्षें कचेऱ्यांनीं संगणक पाहिला तो कारकून म्हणून. हे कारकून एकमेकांशीं बोलूं लागले तर काय होईल, हा प्रश्न या कथेनें घरोघरच्या दिवाणखान्यांत नेला. अमेरिकेंत आर्पानेटवरून पहिला संदेश गेला तो १९६९ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे तीन वर्षांनंतर.

एका बाबतींत मात्र कथेचा अंदाज चुकला. माणसाचें मन ताब्यांत घेण्यास यंत्राला संमोहनविद्या लागेल, असें तिनें मानलें. आज आपण वाटेचे, खरेदीचे, वाचनाचे निर्णय यंत्रावर सोंपवितों ते कोणी मोहिनी घातली म्हणून नव्हे. त्यांत सोय आहे म्हणून.

या कथेचें स्वतःचें नशीबहि सांगण्यासारखें आहे. पुढें बी.बी.सी.नें तिच्या मूळ फिती पुसून टाकल्या. फिती महाग होत्या, आणि जुन्या कार्यक्रमाला पुन्हां कधीं मोल येईल असें कोणास वाटलें नाहीं. कथा वांचली ती नायजेरियासारख्या दूरदेशीं पाठविलेल्या प्रतींमुळें. पुसण्याचा तो निर्णय कोणा वोटानचा नव्हता; शहाण्यासुरत्या माणसांनींच सोय व खर्च पाहून तो घेतला होता. म्हणून यंत्र उद्यां काय करील या चिंतेपेक्षां, आपण आज त्याच्या हातीं काय देत आहों, हें प्रत्येक कुटुंबानें अधूनमधून तपासावें, हेंच मला अधिक अगत्याचें वाटतें.